नाशिकमध्ये कायदेशीर टार्गेट कोणतं? युद्धाचे नियम, सोप्या भाषेत

२०२५ च्या मे महिन्यात देशभर सायरनची मॉक ड्रिल झाली, त्या आठवड्यात नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मुख्यतः दोन जातीचे मेसेज फिरत होते. एक म्हणजे, आपल्याकडे ओझर आहे, देवळाली आहे, नोट प्रेस आहे, म्हणजे आपला नंबर यादीत वरच असणार. आणि दुसरा, अमुक ठिकाणी बॉम्ब पडला, साधी माणसं मेली, हा वॉर क्राइम आहे की नाही, कुठे गेलं ते जिनिव्हा कन्व्हेन्शन वगैरे. पहिल्या मेसेजने घाबरणारे आणि दुसऱ्यावरून भांडणारे बहुतेक तेच लोक, पण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कायद्यात आहे हे कोणी सांगत नाही. गाझा, युक्रेन, रोज कुठे ना कुठे चालूच आहे, तेव्हा हा कायदा नक्की म्हणतो काय ते बघू, आणि उदाहरणाला आपलंच शहर घेऊ, कारण गाझाचा नकाशा आपल्या डोळ्यासमोर येत नाही, नाशिकचा येतो.

मारायलाच निघालेत, मग नियम कसले?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो काही येडचाप प्रश्न नाहीये. १८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनोला मोठी लढाई झाली, तिथे धंद्याच्या कामासाठी गेलेल्या आँरी द्यूनां नावाच्या स्विस माणसाने हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून तडफडत पडलेले पाहिले. लढाई थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. पण जो पडला, ज्याच्या हातात आता बंदूक नाही, त्याला मारून कोणाचा काय फायदा, एवढाच त्याचा मुद्दा होता. त्यातून रेडक्रॉस उभी राहिली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये आज आपण ज्यांना जिनिव्हा कन्व्हेन्शन्स म्हणतो ते चार करार झाले: जमिनीवरचे जखमी, समुद्रावरचे जखमी, युद्धकैदी आणि नागरिक. जगातला प्रत्येक देश यात आहे. भारताने १९५० मध्ये मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यासाठी आपल्या संसदेने वेगळा कायदा केला.

(जाता जाता, याच १९६० च्या कायद्याने लाल क्रॉसचं चिन्ह परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. कॉलेज रोडला निम्म्या डॉक्टरांच्या गाड्यांवर ते लावलेलं असतं, ते बेकायदेशीर आहे, दंड होऊ शकतो. युद्धात ज्या चिन्हाकडे बघून गोळी थांबायला पाहिजे ते नो पार्किंगमध्ये गाडी लावायला वापरायचं नसतं, एवढंच.)

आता पहिली गोष्ट, जी समजली की अर्धी भांडणं मिटतात. युद्ध सुरू करणं बरोबर होतं का, हा एक प्रश्न आणि युद्धात जे केलं ते बरोबर होतं का, हा पूर्ण वेगळा प्रश्न. गावाकडे बांधावरून भांडण होतं तेव्हा बांध कोणाचा हे दिवाणी कोर्टात ठरतं आणि डोकं कोणी फोडलं हे पोलीस स्टेशनला, आणि बांध तुमचाच निघाला तरी डोकं फोडल्याची केस काही माफ होत नाही. तसंच इथे. हल्ला करायचा अधिकार होता का ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवरून बघतात, तिथे स्वसंरक्षण हा मुख्य आधार. आणि हल्ला कोणावर केला, कशाने केला, काय काळजी घेतली, ते युद्धाच्या नियमांवरून. पहलगामला २६ जणांना मारलं, ती माणसं निःशस्त्र होती, त्यांना ठरवून मारलं, ते कुठल्याच कायद्यात कधीच बसत नाही, मारणाऱ्याचं कारण काहीही असो. त्यानंतर ७ मेला भारताने नऊ ठिकाणी हल्ले केले तेव्हा सरकारने मुद्दाम सांगितलं की अतिरेक्यांचे तळ निवडलेत, पाकिस्तानी लष्कराच्या ठिकाणांना हात लावलेला नाही, हल्ले मोजूनमापून केलेत. ही भाषा नुसती पत्रकार परिषदेसाठी नसते, त्यातला प्रत्येक शब्द या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर असतो.

चला, ओझरपासून सुरू करू

नियमाचा गाभा असा की हल्ला फक्त लढणाऱ्यांवर आणि लष्करी उद्दिष्टांवर करता येतो. लष्करी उद्दिष्ट म्हणजे अशी जागा किंवा वस्तू जिचा युद्धात खराखुरा उपयोग होतोय आणि जी नष्ट केली तर त्या वेळी ठोस लष्करी फायदा होतो. बाकी सगळं नागरी, आणि शंका असेल तर नागरीच धरायचं.

ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, कधी काळी मिग-२१ बनायची, मग सुखोई, आणि आता तेजसची लाइन सुरू झालीय. म्हणजे ते लष्करी उद्दिष्ट, वादच नाही. देवळालीचं तोफखाना स्कूल, गांधीनगरचं लष्करी हेलिकॉप्टर ट्रेनिंग, तेही. पण एचएएलमध्ये काम करणारा फिटर? तो नागरिकच राहतो. कारखान्यावर हल्ला झाला तर तो आत असण्याचा धोका आहे, पण शिफ्ट संपवून सिडकोत घरी आला की त्याच्या घराला कोणी हात लावू शकत नाही. याच्या उलट सिन्नरचा एखादा जवान सुट्टीवर आलाय, लुंगी लावून अंगणात चहा पितोय, तो मात्र कायद्याने टार्गेट आहे. युनिफॉर्म नसला तरी, हातात काही नसलं तरी. लोकांना हे ऐकून धक्का बसतो. सैन्यातला माणूस चोवीस तास सैन्यातलाच, अपवाद फक्त लष्करी डॉक्टर, नर्सिंगवाले, धर्मगुरू, आणि जो जखमी झालाय किंवा शरण आलाय तो. आता त्या जवानाच्या शेजारी अंगणात त्याची आई आणि पोरं बसलीत त्यांचं काय, ते पुढे येतंच.

एकलहऱ्याचं थर्मल पॉवर स्टेशन घ्या, इथे गुंतायला लागतं. वीज ओझरलाही जाते आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीयूलाही. अशा दुहेरी वापराच्या गोष्टी, म्हणजे वीज, पूल, रेल्वे, मोबाइल टॉवर, आजच्या युद्धातला सगळ्यात मोठा वादाचा विषय आहेत. १९९९ मध्ये नाटोने सर्बियाची वीज घालवायला ग्रॅफाइटचे धागे सोडणारे बॉम्ब वापरले, त्यांनी स्टेशन उडत नाही, तारा शॉर्ट होतात. आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दोन रशियन लष्करी अधिकाऱ्यांवर वॉरंट काढलं, ते युक्रेनच्या वीज यंत्रणेवरच्या हल्ल्यांसाठीच. म्हणजे वीज केंद्र आपोआप टार्गेट नाही आणि आपोआप सुरक्षितही नाही, त्या दिवशी ते पाडून लष्करी फायदा काय होता आणि थंडीत किती लोक मेले असते, याचा हिशोब मांडावा लागतो.

नोट प्रेस आणखी मजेशीर आहे. नोटा काही गोळ्या नाहीत. पण अमेरिकेचं म्हणणं असं की जे युद्धाला पैसा पुरवतं तेसुद्धा टार्गेट असू शकतं, आणि त्यांनी २०१६ च्या जानेवारीत इराकमधल्या मोसुलमध्ये आयसिसचा रोकड ठेवायचा अड्डा बॉम्बने उडवला, नोटा हवेत उडतानाचा व्हिडिओही आला. बाकीचे बरेच देश आणि रेडक्रॉस याला मानत नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबर आहेत, कारण हा तर्क ताणला तर एक्सपोर्टचा पैसा आणतो म्हणून लासलगावचा कांदा मार्केटही टार्गेट ठरेल, मग नागरी असं उरलंच काय.

गंगापूर धरणाचा नियम वेगळाच आहे. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जे पूरक करार जोडले गेले त्यातल्या पहिल्यात असं आहे की धरण, बंधारे आणि अणुवीज केंद्र यांच्यावर हल्ल्याने पाणी किंवा किरणोत्सर्ग सुटून लोकांची मोठी हानी होणार असेल तर, अगदी मोजके अपवाद सोडता, ते लष्करी उद्दिष्ट असलं तरी हात लावायचा नाही. गोदावरीला पूर येतो तेव्हा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं हे बघणाऱ्या शहराला हा नियम कशासाठी हे समजवायला नको. २०२३ च्या जूनमध्ये युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं, दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं, आणि खालची गावंच्या गावं पाण्यात गेली. पण इथे एक गोम आहे, भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा पूरक करार मंजूर केलेला नाही. म्हणून काही मोकळीक मिळत नाही, कारण नागरिकांना टार्गेट करू नये, हानी मोजावी हे मूळ नियम आता रूढीने सगळ्यांना लागू धरले जातात, करार असो नसो. धरणांसाठीचं ते कडक कलम मात्र जसंच्या तसं आपल्याला लागू होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

काळाराम मंदिर, पांडवलेणी ही सांस्कृतिक वारशात येतात, त्यासाठी १९५४ चा हेगचा वेगळा करार आहे आणि भारत त्यात आहे. माली देशातल्या टिंबक्टूचे जुने दर्गे पाडले म्हणून २०१६ मध्ये एका माणसाला नऊ वर्षांची शिक्षा झालेली आहे, फक्त वास्तू पाडल्याबद्दल.

आणि हॉस्पिटल. हॉस्पिटलला सगळ्यात जास्त संरक्षण आहे, पण ते जाऊ शकतं. आत शत्रूचे जखमी सैनिक आहेत म्हणून जात नाही, गेटवरच्या गार्डकडे बंदूक आहे म्हणूनही जात नाही. गच्चीवरून रॉकेट सुटत असतील किंवा तळघरात कमांड सेंटर चालत असेल तर जातं, तेही आधी इशारा देऊन, थांबायला पुरेसा वेळ देऊन, आणि त्यानंतरही आतल्या पेशंटचा हिशोब करावाच लागतो.

पण नागरिक मेले म्हणजे वॉर क्राइमच ना?

नाही. हे ऐकायला फार कडू आहे. नागरिकांना टार्गेट करणं हा गुन्हा. पण लष्करी उद्दिष्टावरच्या हल्ल्यात नागरिक मरणं हा आपोआप गुन्हा नाही, अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने ती हानी अवाजवी असेल तेव्हा तो गुन्हा होतो. याला प्रमाणाचा नियम म्हणू. तो अंगणातला सिन्नरचा जवान आठवा, एका जवानासाठी अख्खं घर उडवणं या नियमात अडकतं. त्याच घरात पूर्ण आघाडी चालवणारा सेनापती असेल तर? वकील तिथे तासन्‌तास वाद घालतील.

आणि हिशोब नंतर किती मेले यावर होत नाही, बटण दाबायच्या आधी कमांडरला काय माहीत होतं आणि काय माहीत करून घेता आलं असतं यावर होतो. १९९१ च्या फेब्रुवारीत बगदादमध्ये अमिरिया नावाच्या बंकरवर अमेरिकेने बॉम्ब टाकला, त्यांच्या मते ते कमांड सेंटर होतं, आत आसऱ्याला आलेले ४०० हून जास्त नागरिक मेले. २०१५ मध्ये अफगाणिस्तानात कुंदुझला परदेशी डॉक्टरांच्या एका मदत संस्थेच्या हॉस्पिटलवर अमेरिकन विमानाने हल्ला केला, ४२ जण गेले, आणि त्या हॉस्पिटलचा अक्षांश-रेखांश त्यांना आधीच दिलेला होता. अमेरिकेच्या चौकशीत चूक मान्य झाली, १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, पण हेतू नव्हता म्हणून वॉर क्राइम नाही असं ठरलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूलमध्ये ड्रोनने एक पांढरी गाडी उडवली, स्फोटकं आहेत असं समजून, ते पाण्याचे कॅन निघाले, दहा नागरिक गेले त्यातली सात मुलं. कोणालाही शिक्षा नाही.

माझं मत विचाराल तर या कायद्याचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. तराजू मारणाऱ्याच्या हातात, वजनं त्याचीच, आणि दुसऱ्या पारड्यात जे आहेत त्यांना विचारायला कोणी येत नाही. तरीपण हा नियम काढून टाकला तर उरतं ते १९४५ चं जर्मनीतलं ड्रेस्डेन, म्हणजे शहरच्या शहर जाळायचं आणि हिशोबच मांडायचा नाही, म्हणून कच्चा असला तरी तो हवाच.

ते लोकांच्या आड लपतात, मग आमचा काय दोष?

माणसांची ढाल करणं हा गुन्हाच, तो लपणाऱ्याच्या खात्यावर. पण त्याने गुन्हा केला म्हणून ढाल झालेल्या माणसांचं संरक्षण संपत नाही, हल्ला करणाऱ्याला प्रमाणाचा नियम आणि खबरदारी दोन्ही पाळावीच लागतात. खबरदारी म्हणजे टार्गेट पुन्हा तपासणं, कमी हानीचं शस्त्र आणि वेळ निवडणं, शक्य असेल तर इशारा देणं. आणि पत्रकं टाकून इशारा दिला, तरी जे मागे राहिले ते नागरिकच राहतात. म्हाताऱ्या माणसाला घर सोडून जाता येत नाही म्हणून तो सैनिक होत नाही.

साधा माणूस स्वतःहून सामील झाला तर मात्र गोष्ट बदलते. युक्रेनमध्ये लोक अॅपवरून शत्रूचे ड्रोन कुठल्या दिशेला चाललेत ते सैन्याला कळवतात. हे थेट लढाईत भाग घेणं झालं असं अनेक तज्ज्ञ म्हणतात, आणि तेवढ्या वेळापुरतं संरक्षण जाऊ शकतं. नुसत्या घोषणा दिल्या, स्टेटस ठेवलं, सैन्याला डबा दिला, याने जात नाही.

फसवणूक चालते का? नरो वा कुंजरो वा

चालते, आणि इथे आपलं कुरुक्षेत्र आजच्या कायद्याला लावून बघायला मजा येते. अश्वत्थामा मेला अशी बातमी द्रोणांच्या कानावर घातली, ते खोटं असलं तरी आजच्या कायद्याने शत्रूला खोटी माहिती देणं ही युद्धातली युक्ती, परवानगी आहे, खोटे तंबू, खोटे रेडिओ संदेश सगळं चालतं. पण शस्त्र खाली ठेवून बसलेल्या द्रोणांचं मस्तक उडवलं, तो मात्र सरळसरळ गुन्हा. सूर्यास्तानंतर लढायचं नाही हा त्यांचा नियम आज नाही, झोपलेल्या सैनिकांच्या छावणीवर रात्री हल्ला करता येतो. चालत नाही ते काय, तर ज्या खुणेवर विश्वास ठेवायला कायदाच सांगतो त्या खुणेचा दगा, म्हणजे पांढरं निशाण दाखवून जवळ बोलावून गोळी घालणं किंवा रेडक्रॉसच्या अॅम्ब्युलन्समधून हल्ला करणं.

लेबनॉनमध्ये १७ सप्टेंबर २०२४ ला इस्रायलने घडवलेल्या हल्ल्यात हजारो पेजर, म्हणजे मेसेज घेणारी छोटी यंत्रं, एकाच वेळी फुटले. टार्गेट तिथल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेचे लोक होते असं समर्थन करणारे म्हणतात. पण निरुपद्रवी दिसणाऱ्या हातातल्या वस्तूत मुद्दाम स्फोटक भरायला बंदी घालणारा करार आहे, त्यात इस्रायलही आहे आणि भारतही, आणि पेजर फुटतो तेव्हा तो कोणाच्या हातात आहे, बाजारात की पोराच्या शेजारी, हे लांबून कोणाला दिसतं? मला हे प्रकरण कायद्यात बसवताना कसरतच दिसते.

शत्रू पाळत नाही तर आपणच का पाळायचं?

कारण हा व्यवहार नाही. करारातच लिहिलंय की सर्व परिस्थितीत पाळायचा, आणि युद्धकैद्यांवर सूड उगवायला सरळ बंदी आहे. समोर देश नसून अतिरेकी संघटना असली तरी किमान नियम लागतातच, चारही करारांत तिसरं कलम एकच आहे, ते त्यासाठीच.

पण तत्त्व बाजूला ठेवू, हिशोबाचं बोलू. २०१९ च्या फेब्रुवारीत विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हातात सापडले, तेव्हा नाव, रँक, जन्मतारीख, सर्व्हिस नंबर यापलीकडे सांगायला कैदी बांधील नाही हा नियम धरून त्यांनी काही प्रश्नांची उत्तरं नाकारली, आणि त्यांचे व्हिडिओ फिरवले गेले त्यावर भारताने जिनिव्हा करारावरच बोट ठेवून आक्षेप घेतला, कारण कैद्याचा तमाशा करायला बंदी आहे. हे बोट ठेवता आलं याचं एक कारण १९७१. तेव्हा साधारण ९३ हजार पाकिस्तानी आपल्या ताब्यात आले, ते नंतर जिवंत परत गेले. कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या जवानांचे देह ज्या अवस्थेत परत आले त्यानंतरसुद्धा आपण तसं केलं नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण आपल्याला मांडता येतं.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा भारत-पाकिस्तान करार १९८८ च्या शेवटच्या दिवशी झाला आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. मुंबई हल्ल्यानंतरही दिल्या, पुलवामानंतरही दिल्या.

शिक्षा कोणाला होते?

खरं सांगायचं तर हरलेल्याला, किंवा ज्याच्या मागे कोणी मोठा उभा नाही त्याला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासून आहे पण अमेरिका, रशिया, चीन, इस्रायल, पाकिस्तान आणि भारत यापैकी कोणी सदस्य नाही. पुतिन आणि नेतन्याहू दोघांवर वॉरंट आहे, दोघं पदावर असताना निघालेलं. स्वतःच्या सैनिकांना शिक्षा करायचं काम देशाचं स्वतःचं, आणि १९६८ मध्ये व्हिएतनामच्या माय लाई गावात शेकडो लोकांना मारल्याबद्दल अमेरिकेत फक्त एका लेफ्टनंटला जन्मठेप झाली, तीही नजरकैदेतल्या काही वर्षांवर आटोपली. वरून ऑर्डर होती हा बचाव दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यापासून चालत नाही, पण ऑर्डर देणारा सहसा कोर्टात दिसत नाही.

उलट काही करारांतून आता देश बाहेर पडायला लागलेत. जमिनीत पेरायच्या सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या करारातून रशियाच्या शेजारच्या पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक देशांनी २०२५ मध्ये बाहेर पडायचा निर्णय घेतला. आपण तर त्यात कधी नव्हतोच.

आणि ड्रोन, एआय?

ड्रोनसाठी वेगळा कायदा नाही, तोफेला जे नियम तेच त्याला. अडचण दुसरीच आहे. युक्रेनमध्ये रशियन सैनिक ड्रोनसमोर हात वर करून शरण आलेत, युक्रेनने त्यासाठी सूचनाही काढल्यात, पण कॅमेऱ्यामागे माणूस आहे म्हणून ते जमतं. मागे कोणीच नसेल, टार्गेट सॉफ्टवेअरनेच निवडलं असेल, तर त्या वेळी कमांडरला काय माहीत होतं, हा सगळ्या कायद्याचा मूळ प्रश्न विचारायचा कोणाला? कोड लिहिणाऱ्याला, मशीन सोडणाऱ्या जवानाला की ते विकत घेणाऱ्या सरकारला? जिनिव्हात यावर २०१४ पासून देशांच्या बैठका चालल्यात आणि बंधनकारक करार अजून झालेला नाही, कारण ज्यांच्याकडे अशी शस्त्रं बनवायची ताकद आहे त्यांनाच तो नकोय.